१३,९८१वा प्रयोग : न्यू यॉर्कमधील एका संगीतिकेचा निरोप



यंदाच्या पुष्पासाठी विषय कळवा, असे कार्यवाहांचे पत्र आले, तेव्हा मी 'शेवटचा प्रयोग' एवढे दोनच शब्द लिहून पाठवले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "काका, बालगंधर्वांवर बोलणार ना?" मी म्हटले, "नाही, न्यू यॉर्कवर." पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "बरं. पण शेवटी आपल्याकडे याल ना?" येईन, असे मी त्यांना कबूल केले आहे. म्हणून आधी न्यू यॉर्क आणि मग बडोदे, या क्रमाने बोलतो.

मार्च २०२३ मध्ये मी मुलीकडे न्यू जर्सीला होतो. एका संध्याकाळी तिने आणि जावयांनी मला 'द फँटम ऑफ द ऑपेरा' दाखवायला नेले. तिला तिथे राहून बारा वर्षे झाली होती, पण तिनेही ते तोवर पाहिलेले नव्हते. "इतकी वर्षं चालू होतं बाबा, कधीही जाता येईल असं वाटायचं. आता बंद होतंय म्हणून तिकिटं काढली," असे ती म्हणाली. आमच्या आसपासच्या खुर्च्यांवर बसलेल्या बऱ्याच जणांची गोष्ट हीच असावी. हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. तीन-चार आठवड्यांनी, रविवार १६ एप्रिल २०२३ रोजी संध्याकाळी, त्या संगीतिकेचा १३,९८१वा आणि शेवटचा प्रयोग झाला. त्या प्रयोगाला मी नव्हतो. तो निमंत्रितांसाठी होता आणि थोड्या जागा चाहत्यांना सोडत काढून दिल्या होत्या. पण त्या रात्री काय झाले याचे वृत्तांत जगभर छापून आले. ते वाचताना, नाटक 'बंद होणे' म्हणजे नेमके काय, याचा मी प्रथमच नीट विचार केला.

आधी नाटकाची ओळख करून देतो. गॅस्टन लेरू या फ्रेंच लेखकाची कादंबरी १९१० साली पुस्तकरूपाने आली. पॅरिसच्या ऑपेरागृहाच्या तळघरात राहणारा, चेहरा विद्रूप असल्यामुळे मुखवटा घालणारा एक संगीतकार, त्याने घडवलेली तरुण गायिका क्रिस्टीन आणि तिच्यावर प्रेम करणारा उमराव राऊल, अशी तिघांची ती कथा. ऑपेरागृह खरे आहे आणि त्याच्या पायाखालचे पाणीही खरे आहे. १८९६ साली तिथल्या झुंबराशी संबंधित एक जड वजन खाली कोसळून एका व्यक्तीचा जीव गेला होता. कादंबरीत आणि नाटकात झुंबर पडते, त्यामागे ही घटना आहे.

अँड्र्यू लॉइड वेबर यांनी तिला संगीत दिले, पदे प्रामुख्याने चार्ल्स हार्ट यांनी लिहिली आणि दिग्दर्शन हॅरल्ड प्रिन्स यांनी केले. नेपथ्य आणि वेशभूषा मारिया ब्योर्नसन यांची, तर नृत्ये जिलियन लिन यांची. ऑक्टोबर १९८६ मध्ये ती लंडनला रंगभूमीवर आली आणि २६ जानेवारी १९८८ रोजी न्यू यॉर्कच्या मॅजेस्टिक नाट्यगृहात तिचा शुभारंभ झाला. आपल्याकडे त्या दिवशी प्रजासत्ताक दिन साजरा होत होता. एवढ्यासाठीच ही तारीख माझ्या लक्षात राहिली आहे.

आता तिथली पद्धत समजून घेतली पाहिजे, कारण ती आपल्यापेक्षा मुळातच वेगळी आहे. आपल्या नाटक मंडळ्या फिरत्या होत्या. किर्लोस्कर मंडळी असो, गंधर्व मंडळी असो की मास्टर दीनानाथांची बलवंत मंडळी, त्यांचे पडदे, पेट्या आणि बिऱ्हाड गावोगाव जायचे. बेळगाव, हुबळी, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद असे मुक्काम पडायचे. एका मुक्कामात आज 'शाकुंतल', उद्या 'सौभद्र', परवा 'मानापमान' अशी नाटके आलटून पालटून व्हायची. नाटक मंडळीबरोबर प्रवास करायचे. एखादे नाटक दोन वर्षे लागले नाही, तरी ते 'बंद झाले' असे कोणी म्हणत नसे. पुढच्या मुक्कामाला ते पुन्हा लागायचे.

ब्रॉडवेवर एक नाट्यगृह आणि त्यात एकच नाटक असते. आठवड्याला आठ प्रयोग होतात. लोक येत राहतील तोवर नाटक चालते आणि त्याला आधी ठरवलेला शेवट नसतो. त्यामुळे नेपथ्य त्या इमारतीतच रुजवले जाते. मॅजेस्टिक हे १९२७ साली बांधलेले, सुमारे १,६०० खुर्च्यांचे नाट्यगृह आहे. 'फँटम'साठी तिथल्या छतात, रंगमंचाखाली आणि भिंतींत इतकी यंत्रणा बसवली होती की नाटक कुठे संपते आणि इमारत कुठे सुरू होते, हे सांगणे कठीण झाले होते. प्रेक्षकांच्या डोक्यावर सुमारे एक टन वजनाचे झुंबर टांगलेले असे आणि ते वेगाने रंगमंचाकडे झेपावत असे. तळघरातल्या सरोवराच्या प्रवेशात धुक्यातून मेणबत्त्या वर यायच्या. एका प्रयोगात एकूण २८१ मेणबत्त्या, सुमारे २३० पोशाख आणि २२ प्रवेशबदल असायचे. हे सगळे ट्रकमध्ये घालून पुढच्या गावी नेता येत नाही. म्हणून तिथे नाटक बंद होते तेव्हा खरोखरच मोडतोड करावी लागते.

मग पस्तीस वर्षे चाललेले नाटक बंद का झाले? उत्तर साधे आहे, आणि व्यवहारातल्या माणसाला लगेच कळेल असे आहे. तिथे प्रत्येक नाटकाचा आठवड्याचा ठरलेला खर्च असतो. नट, वादक, पडद्यामागचे कामगार यांचे पगार, नाट्यगृहाचे भाडे, लेखक-संगीतकारांचे मानधन, जाहिराती, वीज हे सगळे त्यात येते. गल्ला त्याच्या वर राहिला तर नाटक चालते. तो सलग काही आठवडे ठरावीक आकड्याखाली गेला, तर नाटकाला जागा रिकामी करायला लावण्याचा अधिकार नाट्यगृहाच्या मालकाला करारानेच मिळालेला असतो. 'फँटम'चा खर्च शेवटी आठवड्याला साडेनऊ लाख डॉलरच्या आसपास गेला होता. मार्च २०२० मध्ये करोनामुळे सगळा ब्रॉडवे बंद पडला. ऑक्टोबर २०२१ मध्ये हे नाटक पुन्हा सुरू झाले, पण बाहेरदेशीच्या पर्यटकांचा ओघ पूर्वीसारखा राहिला नाही. जुन्या नाटकाला गावातले लोक सहसा येत नाहीत. त्यांनी ते कधीच पाहिलेले असते, नाहीतर माझ्या मुलीसारखे 'कधीतरी पाहू' म्हणत ते थांबलेले असतात. बाहेरगावचा माणूस यायचा थांबला की गल्ला उतरतो.

खर्च कमी करण्याचा एक मार्ग होता. लंडनच्या प्रयोगात टाळेबंदीनंतर वाद्यवृंद २७ वादकांवरून १४ वर आणला गेला. न्यू यॉर्कमध्ये तो शेवटपर्यंत २७ जणांचाच राहिला. त्या वेळी ब्रॉडवेवरचा तो सर्वांत मोठा वाद्यवृंद होता. त्यातले काही वादक १९८८ च्या शुभारंभापासून त्याच खड्ड्यात, त्याच खुर्चीवर बसून वाजवत आले होते. एखाद्याला शाळेत किंवा बँकेत पस्तीस वर्षे नोकरी करताना आपण पाहतो. पण वादकाला एकाच नाटकात तेवढी नोकरी मिळणे, ही गोष्ट आपल्याकडच्या कलावंताला स्वप्नासारखी वाटेल. जॉर्ज ली अँड्र्यूज नावाच्या नटाने या नाटकात तेवीस वर्षांत ९,३८२ प्रयोग केले आणि त्याची नोंद जागतिक विक्रमांच्या पुस्तकात झाली. नाटक बंद होते तेव्हा ही घरेही एका दिवसात बदलतात. निर्मात्याचे आकडे आपण वर्तमानपत्रात वाचतो. बासरीवाल्याच्या घरी त्या सोमवारी काय झाले असेल, ते छापून येत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले की १८ फेब्रुवारी २०२३ ला नाटक थांबेल. त्यासरशी तिकीटबारीवर झुंबड उडाली. इतकी, की मुदत आठ आठवडे वाढवून १६ एप्रिल ही तारीख ठरवावी लागली. अखेरच्या आठवड्यांत गल्ला तीस लाख डॉलरच्या वर गेला. ही तिथली जुनीच रीत आहे. 'कॅट्स' या संगीतिकेचा शेवट जून २००० मध्ये होईल, असे जाहीर झाले होते. तेव्हाही तिकिटे भराभर खपली आणि प्रत्यक्षात ती सप्टेंबरमध्ये, ७,४८५ प्रयोगांनंतर थांबली. तो विक्रम 'फँटम'ने जानेवारी २००६ मध्ये मोडला होता. जाहिरातीने जे होत नाही, ते निरोपाच्या बातमीने होते. मला मात्र यात थोडे अपराधी वाटले. मी आणि माझी मुलगी बसलो होतो त्या खुर्च्या आदल्या उन्हाळ्यात भरल्या असत्या, तर कदाचित निरोपाची गरजच पडली नसती.

आता त्या शेवटच्या रात्रीकडे येतो. या नाटकाची सुरुवातच विलक्षण आहे. पडदा उघडतो तेव्हा ऑपेरागृह बंद पडलेले असते आणि त्याच्या सामानाचा लिलाव चाललेला असतो. जाहिरातीचे जुने फलक, माकडाची आकृती असलेली गाणारी पेटी अशा वस्तूंची बोली लागते. म्हातारा राऊल चाकाच्या खुर्चीत बसून ती पेटी विकत घेतो. मग झुंबराची पाळी येते. त्यावरचे आच्छादन दूर होते, वाद्यवृंदाचा गजर सुरू होतो आणि झुंबर उजळत प्रेक्षकांच्या डोक्यावर चढते. वर्षे मागे सरकतात आणि गोष्ट सुरू होते. मी पाहिले तेव्हाही या प्रवेशाने अंगावर काटा आला होता. पण १६ एप्रिलला प्रेक्षागृहात बसलेल्यांना ठाऊक होते की हा लिलाव नुसता नाटकातला नाही. उद्यापासून याच इमारतीतले हेच सामान उतरवले जाणार आहे. संहितेतला एक शब्दही बदललेला नव्हता. तरी त्या रात्री प्रत्येक वाक्याला आणखी एक अर्थ आला असेल. शेवटचा प्रयोग पाहणे म्हणजे हेच. नाटक तेच असते आणि पाहणारे मात्र वेगळे झालेले असतात.

त्या रात्री मुख्य भूमिका करणारा नेहमीचा नट आजारामुळे येऊ शकला नाही. त्याच्या जागी लेर्ड मॅकिंटॉश उभे राहिले. एरवी बदली नट म्हटला की तिकीट काढलेला माणूस हिरमुसतो. परंतु अशी संगीतिका पस्तीस वर्षे चालते ती एकट्या नायकाच्या जोरावर चालत नाही. कोणाचा घसा बसला, पाय मुरगळला, तरी पडदा वेळेवर उघडतो, तो विंगेत तयार असलेल्या माणसांमुळे. शेवटचा प्रयोग अशा माणसाच्या वाट्याला यावा, यात मला एक न्याय दिसला. क्रिस्टीनच्या भूमिकेत एमिली कुआचू होत्या. ब्रॉडवेवर ही भूमिका कायमस्वरूपी करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अभिनेत्री.

शेवटी नायक नाहीसा होतो आणि खुर्चीवर फक्त त्याचा मुखवटा उरतो. पडदा पडला, पण कोणी उठले नाही. मग नटांच्या बरोबर पूर्वीचे नट रंगमंचावर आले. १९८८ ची पहिली क्रिस्टीन सारा ब्राइटमन आल्या आणि रोजच्या साध्या कपड्यांतले पडद्यामागचे कामगारही आले. सर्वांनी मिळून नाटकातले एक प्रसिद्ध गीत पुन्हा म्हटले. दिग्दर्शक प्रिन्स, नृत्यदिग्दर्शिका लिन आणि नेपथ्यकार ब्योर्नसन यांची नावे घेऊन त्यांची छायाचित्रे पडद्यावर दाखवली गेली. तिघेही तोवर हयात नव्हते. काळ्या पोशाखातले लॉइड वेबर अखेरीस पुढे आले. त्यांचा मुलगा निकोलस तीनच आठवड्यांपूर्वी कर्करोगाने गेला होता. तो प्रयोग त्यांनी त्याला अर्पण केला. मग छतातून सोनेरी-रुपेरी कागदाच्या चकत्यांचा वर्षाव झाला आणि नाटक संपले.

मला त्यात सर्वांत मोलाचे वाटले ते साध्या कपड्यांतल्या कामगारांचे रंगमंचावर येणे. पस्तीस वर्षे दोऱ्या ओढणारा, मेणबत्त्या तपासणारा, पोशाखाची बटणे लावून देणारा माणूस प्रेक्षकांना दिसू नये, हाच त्याच्या कामाचा नियम असतो. शेवटच्या दिवशी तो नियम मोडला जातो. ज्यांच्यासाठी टाळी कधीच वाजली नव्हती, त्यांच्यासाठी ती एकदा वाजते. शेवट आधी ठरवला, म्हणूनच हे करता आले.

पुढे काय झाले तेही सांगतो, म्हणजे गोष्ट उगाच करुण होणार नाही. मॅजेस्टिकची दुरुस्ती झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथे 'जिप्सी' ही दुसरी संगीतिका लागली. लंडनचा 'फँटम' चालूच राहिला. मार्च २०२५ मध्ये फिरती कंपनी हे नाटक मुंबईलाही घेऊन आली होती, तेव्हा इथल्या काही मंडळींनी ते पाहिले असेल. त्याच वर्षी न्यू यॉर्कमध्ये ते 'मास्करेड' या नावाने, प्रेक्षकांना एका इमारतीतल्या दालनांतून फिरवत नेणाऱ्या नव्या रूपात परत आले. म्हणजे कृती मेली नाही. संपला तो एक विशिष्ट प्रयोग : ते नाट्यगृह, ते २७ वादक, प्रिन्स यांनी घालून दिलेल्या हालचाली आणि प्रत्येक प्रयोगात उजळणारे ते झुंबर. संहिता आणि स्वरलेखन कागदावर राहते. प्रयोग माणसांत राहतो आणि माणसे पांगली की जातो.

आता कार्यवाहांना दिलेला शब्द पाळतो.

'सौभद्र' १८८२ साली आले. आज एकशे चाळीसहून अधिक वर्षे झाली, तरी त्याचा शेवटचा प्रयोग झालेला नाही, आणि कोणी तो जाहीर करील असेही वाटत नाही. ही आपल्या पद्धतीची ताकद आहे. नाटक एका इमारतीला बांधलेले नसल्यामुळे एखाद्या गावातली हौशी मंडळीही ते उद्या पुन्हा उभे करू शकतात. पण याच पद्धतीची एक उणीवही आहे. आपल्याकडे गोष्टी बंद होतात त्या कोणाला न कळता. गंधर्व नाटक मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. या शहरात तिचे मुक्काम पडत आणि माझे आजोबा त्यांच्या गोष्टी सांगत. पण त्या मंडळीने इथे शेवटचा प्रयोग कोणत्या रात्री केला, हे आजोबांना सांगता येत नसे. त्या रात्री घरी जाताना कोणालाच वाटले नसेल की आता हे पुन्हा होणार नाही. पुढच्या वर्षी येतीलच, असे म्हणत सगळे टांग्यात बसले असतील.

जवळचेच उदाहरण घ्या. आपल्या एका जुन्या मंडळाचे दर दिवाळीनंतर होणारे हौशी नाटक पुष्कळांना आठवत असेल. त्यात मी अकरा वर्षे प्रॉम्प्टर होतो. एका वर्षी तालमीला माणसे जमेनात, म्हणून नाटक 'पुढच्या वर्षी करू' असे ठरले. पुढच्या वर्षी सभागृहाचे भाडे वाढले. तिसऱ्या वर्षी विषयच निघाला नाही. आमचे रंगभूषाकार चाळीस वर्षे एक पैसा न घेता आमचे चेहरे रंगवत होते. त्यांच्या हाताखालून गेलेले आम्ही सगळे त्यांच्या अंत्ययात्रेला भेटलो, तेव्हा लक्षात आले की त्यांना रंगमंचावर बोलावून आपण एकदाही टाळ्या वाजवल्या नाहीत. शेवटचा प्रयोग होऊन गेला होता आणि तो शेवटचा आहे हे कोणी सांगितले नव्हते.

म्हणून माझी दोन मागणी आहेत. पहिली अशी की, आपल्या संस्थेचा एखादा उपक्रम खरोखर चालवता येणार नसेल, तर तो असाच विरून जाऊ देऊ नये. तारीख ठरवावी, जुन्या सर्वांना बोलवावे, पेटीवाल्याला, प्रॉम्प्टरला, चहा देणाऱ्यालाही मंचावर उभे करावे आणि मग पडदा पाडावा. त्याने उपक्रम वाचत नाही. पण ज्यांनी तो चालवला त्यांचे देणे थोडे फिटते. आणि मॅजेस्टिकच्या अनुभवावरून सांगतो, कधी कधी निरोपाची बातमी कळली की मुदत आठ आठवडे वाढतेही.

दुसरी मागणी सोपी आहे. येत्या माघात आपल्याच सभागृहात तरुण मंडळी 'सौभद्र'चे दोन अंक करणार आहेत. त्यांनी तालमी सुरू केल्या आहेत आणि तबल्याला कोणी मिळाले नाही, म्हणून एक जण नोकरी सांभाळून दुसऱ्या गावाहून येतो. तिकिटे आज बाहेरच्या टेबलावर ठेवली आहेत. माझ्या मुलीसारखे 'कधीतरी पाहू' म्हणू नका. जाताना घेऊन जा.